कॅरट नावाचं बी



सराफाच्या दुकानात गेल्यावर आपण सोन्याबद्दल विचारतो, 'किती कॅरट?' आणि हिऱ्याबद्दलही विचारतो, 'किती कॅरट?' शब्द एकच, पण उत्तरं मिळतात ती दोन निराळ्या गोष्टींची. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमचा पाचवा हिस्सा. सोन्याचा कॅरट मात्र वजन सांगतच नाही. तो सांगतो की या दागिन्याचे २४ सारखे भाग कल्पिले, तर त्यातले किती भाग सोनं आहे. २२ कॅरट म्हणजे बावीस भाग सोनं आणि दोन भाग तांबं, चांदी किंवा दुसरा एखादा धातू. एका ठिकाणी कॅरट 'किती आहे' ते सांगतो, दुसऱ्या ठिकाणी 'किती खरं आहे' ते सांगतो. एकाच शब्दाला ही दोन कामं कुणी लावली, हे शोधत मागे गेलं, की आपण एका झाडाखाली जाऊन पोहोचतो.

हे झाड भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं वाढतं. इंग्रजीत त्याला कॅरोब म्हणतात आणि तो शब्द अरबी 'खर्रूब'वरून आला आहे. बारमाही हिरवं, दाट सावलीचं झाड. त्याला वीतभर लांबीच्या, वाकड्या, पिकल्यावर काळपट तपकिरी होणाऱ्या शेंगा येतात. शेंग गोड असते. गरीब माणसं ती खातात, गुरं खातात. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. बापाकडून वाटणी घेऊन गेलेला तो मुलगा सगळं उधळून बसतो आणि डुकरं राखायची वेळ आल्यावर डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगांनी तरी पोट भरावं असं त्याला वाटतं. त्या शेंगांसाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तोच आपल्या कॅरटचा पूर्वज. तो शब्द 'केरातिऑन'. 'केरास' म्हणजे शिंग आणि 'केरातिऑन' म्हणजे छोटं शिंग, शिंगुली. शेंग शिंगासारखी वाकडी म्हणून तिला हे नाव पडलं.

या 'केरास'चं आपल्याशीही नातं आहे. भाषाशास्त्र सांगतं की ग्रीक केरास, इंग्रजी हॉर्न आणि संस्कृत शृंग हे एकाच कुळातले शब्द. शृंगाचं मराठीत शिंग झालं. म्हणजे कॅरट आणि आपल्या बैलाचं शिंग हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत. आपल्या नखांत आणि केसांत जे केरॅटिन असतं, त्याचं नावही याच केरासवरून पडलं आहे. आणि मराठी कानाला तर शिंग आणि शेंग हे शब्द शेजारी शेजारीच ऐकू येतात.

गोड गर खाऊन झाला की शेंगेत उरतात बारीक, कठीण, चकचकीत बिया. सोनं, मोती, औषधं अशा मोलाच्या वस्तू तोलायला त्या तराजूत घातल्या जाऊ लागल्या. त्यात नवल काही नाही. आपल्याकडेही तेच झालं. आपली गुंज म्हणजे लाल अंगाची आणि काळ्या डोळ्याची ती सुंदर, विषारी बी. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. हा 'मासा'ही मूळचा धान्यच. संस्कृतात 'माष' म्हणजे उडीद. एखाद्याची तब्येत तोळामासा आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात उडदाचा एक दाणा बसलेला असतो. जगात जिथं जिथं सोनं तोललं गेलं, तिथं दुसऱ्या पारड्यात आधी शेतातलं किंवा रानातलं काही तरी होतं.

आता चोवीस हा आकडा कुठून आला ते पाहू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन यानं 'सॉलिडस' नावाचं सोन्याचं नाणं सुरू केलं. एका रोमन पौंड सोन्यातून अशी ७२ नाणी पाडायची, असा नियम होता. एक नाणं सुमारे साडेचार ग्रॅमचं. त्याचा चोविसावा भाग म्हणजे एक 'सिलिक्वा'. लॅटिनमध्ये सिलिक्वा म्हणजे हीच ती शेंग, आणि ग्रीक बोलणारे लोक त्याच वजनाला 'केरातिऑन' म्हणत. साडेचार ग्रॅमला चोविसांनी भागलं की उत्तर येतं एक ग्रॅमच्या पाचव्या हिस्स्याच्या जरा खाली. म्हणजे सोन्याच्या नाण्याचा चोविसावा भाग आणि हिऱ्याचं आजचं वजन, दोन्ही एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. इथं आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. हे बी एकाच वेळी वजनही होतं आणि हिस्साही होता. पुढे रत्नपारख्यांनी त्यातलं वजन उचललं, सोनारांनी हिस्सा उचलला.

आणि चोवीसच का? कारण हा आकडा वाटणीला फार सोयीचा आहे. त्याचे दोन भाग होतात, तीन होतात, चार, सहा, आठ, बारा होतात. दहाला तीननं भागायला गेलं की भांडण सुरू होतं. चोविसाला भागलं तर होत नाही. आपल्या सुताराच्या आणि गवंड्याच्या गजाचेही चोवीसच भाग होते आणि त्या एका भागाचं नाव होतं 'तसू'. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. गज गेला, फूटपट्टी आली, मीटर आला, पण 'मी तसूभरही मागे हटणार नाही' असं आपण अजून म्हणतो.

ग्रीक 'केरातिऑन' अरबांकडे गेला आणि 'कीरात' झाला. सीरिया आणि इजिप्त या बायझंटाइन प्रांतांत सातव्या शतकात अरबांची सत्ता आली. नाणी, वजनं, बाजार, हिशेब सगळं तिथं आधीचंच होतं. माणसं राज्य बदलतात तितक्या सहज वजनं बदलत नाहीत. कीरात तर त्याच्याही आधीपासून अरबस्तानातल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी होता. हदीसमध्ये तो येतो. प्रेषितांचं एक वचन नोंदलेलं आहे. जो माणूस मयताच्या नमाजाला हजर राहील त्याला एक कीरात पुण्य, आणि जो दफन होईपर्यंत थांबेल त्याला दोन कीरात. ऐकणाऱ्यांनी विचारलं, हे दोन कीरात म्हणजे केवढे? उत्तर आलं, दोन थोर पर्वतांएवढे. बाजारातलं बारीकातलं बारीक माप घेऊन त्याचा डोंगर केला. शेजाऱ्याच्या मयताला जाऊन, माती होईपर्यंत उभं राहणं ही आपल्याला केवढीशी गोष्ट वाटते! तिचं वजन दुसऱ्या कुठल्या तराजूत निराळं भरतं, एवढंच त्यात सांगितलं आहे. कवी म्हणून मला या वचनातल्या प्रतिमेचं नेहमी अप्रूप वाटतं.

इजिप्तमध्ये जमीन आजही 'फद्दान'मध्ये मोजतात आणि एका फद्दानचे २४ कीरात असतात. वारसाहक्काच्या वाटण्याही तिथं कीरातमध्ये मांडायची पद्धत पडली. इस्लामी वारसा कायद्यात अर्धा, पाव, एक अष्टमांश, एक तृतीयांश, एक षष्ठांश असे हिस्से येतात, आणि हे सगळे चोविसात बिनबोभाट बसतात. समजा, एक माणूस मागे आई, वडील, बायको आणि मुलंबाळं ठेवून गेला. चोविसातले तीन भाग बायकोचे, चार आईचे, चार वडिलांचे आणि उरलेले तेरा मुलांमध्ये. ज्या घरात नुकतंच रडं झालं आहे, तिथं हिशेब तरी सरळ सुटावा, ही त्या आकड्याची माणुसकीच म्हणायची.

अरब व्यापाऱ्यांकडून हा शब्द इटलीत गेला आणि 'काराटो' झाला. व्हेनिसला एकेका जहाजाची मालकी चोवीस 'काराटीं'मध्ये विभागलेली असे. एकानं चार काराटी घ्यायच्या, दुसऱ्यानं दोन. जहाज परत आलं तर नफा तेवढ्याच हिश्श्यानं आणि बुडालं तर बुडणंही तेवढ्याच हिश्श्यानं. इटलीहून शब्द फ्रान्सला गेला, तिथं 'कारा' झाला, आणि फ्रेंचांकडून तो इंग्रजीत आला. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला आणि सराफ कट्ट्यावर कॅरट म्हणून बसला. ग्रीक, अरबी, इटालियन, फ्रेंच, इंग्रजी आणि मराठी असा सहा मुक्कामांचा हा प्रवास आहे. प्रत्येक मुक्कामाला त्याचा उच्चार थोडा झिजला, पण चोविसाचा हिशेब झिजला नाही.

इथं एक गंमत सांगितली पाहिजे. या कॅरोबच्या बियांचीच निवड वजनासाठी का झाली, याचं एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिलं जायचं. ते असं, की निसर्गानं या बिया अगदी एकसारख्या वजनाच्या केल्या आहेत. अनेक पुस्तकांतून हे छापलं गेलं. मग २००६ साली 'बायॉलॉजी लेटर्स' या विज्ञान-नियतकालिकात एक शोधनिबंध आला. संशोधकांनी या बिया खरोखरच तोलून पाहिल्या, आणि दिसलं असं, की त्यांच्या वजनातही इतर झाडांच्या बियांइतकाच फरक असतो. कुणी जाड, कुणी किडकिडीत. त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. माणसाला नजरेनं निवडून सारख्या बिया वेगळ्या काढता येतात का? तर येतात, आणि चांगल्यापैकी येतात.

मला ही बातमी फार मोलाची वाटते. निसर्गानं आपल्या हाती तयार वजन दिलेलं नव्हतं. बाजारात बसलेल्या माणसानं बियांचा ढीग पुढ्यात घेऊन, एकेक बी बोटांत धरून सारख्यात सारखी निवडली, तेव्हा ते वजन झालं. त्यात एक धोकाही होता. ज्या नजरेला सारखी बी ओळखता येते, त्या नजरेला हलकी आणि जड बीही ओळखता येते. घेताना जड बिया पारड्यात टाकायच्या आणि देताना हलक्या, हे कुणाला सुचलंच नसेल का? म्हणून तर कुराणात मापात मारणाऱ्यांसाठी एक आख्खा अध्यायच आहे. स्वतः घेताना पुरेपूर घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी भरणारे, यांना तिथं इशारा आहे. बी बिचारी बीच असते. खरं-खोटं असतं ते ती निवडणाऱ्या बोटांत.

बोटांवरचा हा भरवसा पुरेना, तेव्हा जगाला नियम करावे लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गावोगावचा कॅरट वेगळा होता. लंडनचा कॅरट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा होता, तर दुसऱ्या शहरांत तो याहून कमी-जास्त भरे. १९०७ साली पॅरिसला भरलेल्या वजनमापांच्या चौथ्या सार्वत्रिक परिषदेत २०० मिलिग्रॅमचा दशमान कॅरट मान्य झाला आणि पुढच्या काही वर्षांत एकेका देशानं तो स्वीकारला. आज नाशिकच्या हिऱ्याबद्दल वाचताना आपण त्याच मापानं वाचतो. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा हा हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या हाती पडला आणि इंग्लंडला गेला. तेव्हा तो ९० कॅरटच्या आसपास होता. परदेशात त्याला पुनःपुन्हा पैलू पाडले गेले आणि आता तो ४३.३८ कॅरटचा उरला आहे.

आपल्या देशात कॅरट हा शब्द माजघरापर्यंत गेला तो मात्र हिऱ्यामुळे नव्हे. १९६२ च्या चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी झाली. १४ कॅरट म्हणजे शंभरातले जेमतेम अठ्ठावन्न भाग सोनं. सोन्याची हौस कमी व्हावी, बाहेरून चोरट्या मार्गानं येणारं सोनं थांबावं, हा हेतू. पण देशभरातल्या असंख्य सोनारांच्या बागेसऱ्या थंड पडल्या. हातात कला असलेली माणसं दुसरं काही तरी काम शोधत फिरली. काहींनी जीवही दिला. ही अट पुढे उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. माझ्या पिढीनं हे सारं मोठ्यांच्या तोंडून ऐकलं. एका आकड्यानं किती चुली विझू शकतात, हे सांगणारी ती गोष्ट होती.

आज दागिन्यावर बारीक अक्षरांत हॉलमार्क असतो. २२ कॅरटच्या पुढे ९१६ लिहिलेलं असतं. बावीसला चोविसांनी भागून हजारांत मांडलं की ९१६ येतात. २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हे हॉलमार्किंग सक्तीचं झालं. सहा अक्षर-अंकांचा एक क्रमांकही त्यावर येतो. ज्या बोटांनी बी निवडली, त्या बोटांच्या जागी आता हा ठसा आला आहे.

आणि आता मला जे खरं म्हणजे सांगायचं आहे, तिथं येतो. शुद्ध सोन्याला मराठीत आपला स्वतःचा, डौलदार शब्द आहे, 'बावनकशी'. तरी हल्ली आपण कुणाची स्तुती करताना 'चोवीस कॅरट' म्हणतो. चोवीस कॅरट माणूस. चोवीस कॅरट मैत्री. काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात माझी कविता झाल्यावर एक वयस्क रसिक मंचाजवळ आले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून म्हणाले, 'कमाल आहे! तुमचं मराठी अगदी अस्सल आहे हो, चोवीस कॅरट!' त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माझं नाव ऐकून त्यांनी जी अपेक्षा केली होती, ती चुकल्याचा त्यांना आनंद झाला होता. मुसलमान मराठी कवींना हे कौतुक नवं नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. त्यालाही आता साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली. तरी दर पिढीत आमच्या मराठीची कसोटी नव्यानं घेतली जाते.

मी त्यांना नमस्कार केला. पण घरी येईपर्यंत त्यांचं वाक्य मनात घोळत होतं. 'कमाल' हा शब्द अरबी. 'अस्सल' हा शब्दही अरबी. अरबीत 'अस्ल' म्हणजे मूळ. आणि 'कॅरट'ची कुळकथा तर आत्ता सांगितलीच. माझ्या मराठीच्या शुद्धतेचा दाखला ज्या वाक्यानं दिला गेला, त्यातले वजनदार शब्द सगळे बाहेरगावचे होते. आणि ते बिलकूल परके वाटत नव्हते. ते वाक्य चांगलं, खणखणीत मराठी होतं.

कुठल्याही सराफाच्या दुकानात उभे राहा आणि कान देऊन ऐका. सोनं, हिरा, मोती, मासा, कस हे शब्द संस्कृतातून झिजत आलेले. सराफ, वजन, जवाहीर हे अरबीतून आलेले. तराजू फारसीतला. ग्रॅम, कॅरट, हॉलमार्क इंग्रजीमार्फत आलेले. यातलं परकं म्हणून एकेक वेचून बाहेर काढायला लागलात, तर दुकान बंद करावं लागेल. तोलायला तराजू नसेल आणि बसायला सराफ नसेल.

शुद्धतेचं वेड हे फक्त मराठीचं नाही. उर्दूत ते आहे, अरबीत आहे, इंग्रजीतही आहे. भाषेची चाड असणाऱ्या माणसाला ते थोडं असावंही. गचाळ, आळशी मराठी कानावर आली की मलाही त्रास होतो. पण शब्द कुठून आला, यावरून त्याचा कस लावायचा नसतो. तो आपल्या वाक्यात किती रुळला, आपल्या सुखदुःखाला किती उपयोगी पडला, यावरून लावायचा असतो. हिणकस मराठी मी पुष्कळ वाचली आहे, आणि तिच्यातले सगळेच्या सगळे शब्द संस्कृत असल्याचंही पाहिलं आहे.

सोन्यात मिसळलेल्या दुसऱ्या धातूला आपण 'हीण' म्हणतो, आणि त्या शब्दात थोडी तुच्छता आहे. पण सोनाराला विचारा. तो सांगेल, चोवीस कॅरटचं सोनं फार मऊ असतं. त्याची वळी करावी, बिस्किट करावं आणि तिजोरीत ठेवावं. रोज वापरायच्या बांगड्या त्याच्या केल्या, तर त्या भांडी घासताना वाकतात, दाराला लागून चेपतात. पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्राच्या वाट्या घडवायच्या, तर त्यात थोडं तांबं किंवा थोडी चांदी घालावीच लागते. त्या दोन भागांमुळे दागिना दागिना होतो, मनगटावर टिकतो, आणि आईच्या हातातून मुलीच्या हातात जातो.